भावकीच्या वंशावळीतले रंगीत ठिपके: एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून निघून पुणे, मुंबई, बडोदे, इंदूर असं पांगलेलं एक कूळ आहे. नाव सांगत नाही, कारण वंशावळीवरून भावकीत आधीच पुरेशी भांडणं असतात. या मंडळींनी आपली छापील वंशावळ ऑनलाइन आणली. भावकीतल्याच एका तरुणाने एक मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर घेतलं, त्यात हवे ते बदल केले आणि संकेतस्थळ उभं केलं. शनिवार-रविवार घालवून, पदरमोड करून केलेलं काम. त्यात जे अडलं ते त्याच्यापुरतं नव्हतं, म्हणूनच ते सविस्तर मांडण्याजोगं वाटतं.

मी स्क्रीनची मांडणी करतो. बटण कुठे, अक्षर केवढं, रंग कोणता, हे माझं रोजचं काम. भावकीच्या मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला तो असा: "जरा ठिपक्यांचं बघा. म्हातारी माणसं म्हणतात काही कळत नाही, पोरं म्हणतात सगळं स्पष्ट आहे. आमची मीटिंग त्यातच जाते."

मूळ मांडणी अशी होती. प्रत्येक माणसाची एक चौकट. पुरुषाची फिकट निळी, बाईची फिकट गुलाबी. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक गोल ठिपका. हिरवा म्हणजे पुरावा आहे, पिवळा म्हणजे तोंडी माहिती, लाल म्हणजे शंका. हा खुलासा पानाच्या तळाशी एकदाच दिलेला. संगणकावर ठिपक्यावर माउस नेला की शब्द उमटायचा. मोबाइलवर माउस नसतो, आणि भावकी वंशावळ बघते ती मोबाइलवर.

आता हे ठिपके कुणाला का महत्त्वाचे वाटावेत? हौसेने बघणाऱ्याला ते नसतातच. पण जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या पुराव्यातला माणूस आपला नक्की कोण, हे पिढी-दर-पिढी जोडून दाखवावं लागतं. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि गावोगाव लोक कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडीच्या जाणकाराला गाठून वाचून घेऊ लागले. या भावकीच्या संकेतस्थळाला खरी गर्दी झाली ती तेव्हा. लोक वंशावळीचं पान उघडायचे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करायचे आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर समोरच्याला दाखवायचे. पान बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र तेव्हा स्वतःचा लॅपटॉप होता.

पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. राणोजीचा तुकोजी, तुकोजीचा राणोजी, आणि त्याचा पुन्हा तुकोजी. या वंशावळीत "तुकोजी बिन राणोजी", म्हणजे राणोजीचा मुलगा तुकोजी, अशा दोन चौकटी होत्या. एकाची कोतवाल बुकात नोंद सापडलेली, ठिपका हिरवा. दुसऱ्याचा ठिपका लाल, कारण छापील वंशावळ त्याला राणोजीचा मुलगा म्हणते आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तो राणोजीचा भाऊ म्हणून उतरलेला आहे. भावकीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या प्रवेशासाठी कागद जमवताना प्रिंट समोर ठेवून वंशावळ लिहिली आणि दुसऱ्या तुकोजीकडून खाली उतरले. अर्ज भरून देणाऱ्या माणसाने सहज विचारलं, "कोतवाल बुकातला तुकोजी तुमच्या कागदात यातला कुठला?" म्हणून ते वेळीच ध्यानात आलं. नाहीतर प्रतिज्ञापत्र चुकीच्या फांदीचं गेलं असतं. ते गृहस्थ चिडले, आणि चिडायचा त्यांना हक्क होता. प्रिंटवर दोन्ही ठिपके हुबेहूब सारखे होते.

"सारखे" हे मी ढिलेपणाने लिहीत नाही. त्या तरुणाने रंग देताना कोडमध्ये सरळ "रेड" आणि "ग्रीन" हे इंग्रजी शब्द लिहिले होते. ब्राउझर त्यांतल्या रेडचा अर्थ लाल 255 असा घेतो आणि ग्रीनचा हिरवा 128. रंगीत चित्राचं करडं चित्र करताना नेहमी वापरलं जाणारं सूत्र लालाला 0.299 आणि हिरव्याला 0.587 इतकं वजन देतं. गुणाकार केला की लाल ठिपक्याची करडी छटा येते 76 आणि हिरव्याची 75, 255 पैकी. ठरवून सारखे करायला बसलो असतो तरी याहून जवळ आणता आले नसते. पिवळ्याची गत वेगळीच. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचं तेजाचं गुणोत्तर 1.07:1 येतं. 1:1 म्हणजे काहीच फरक नाही, आणि काळ्यावर पांढरं 21:1. थोडक्यात, पिवळा ठिपका छापलाच जात नाही, आणि तोंडी माहिती असलेला माणूस प्रिंटवर ठिपकाच नसलेला, म्हणजे निर्वेध, दिसतो.

दुसरी तक्रार नानांची. नाना भावकीतले थोरले, वंशावळीचा निम्मा मजकूर त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेला. त्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही. तरुणपणी रेल्वेत लागायचे होते. मेडिकलला ठिपक्यांमधले आकडे वाचायची ती इशिहारांची पुस्तिका पुढे आली आणि तिथेच गाडी अडली. संकेतस्थळावरचे ठिपके दाखवल्यावर ते त्या तरुणाला म्हणाले, "अरे बाळा, मला हे सगळे खाकीच दिसतात. काही जरा गडद खाकी, एवढंच." म्हणजे ज्या माणसाला कुठली माहिती कुठून आली हे सगळ्यांत जास्त ठाऊक, त्यालाच पान वाचता येत नव्हतं.

लाल-हिरव्याचा हा रंगांधळेपणा उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का आढळतो. हा फरक का, ते वंशावळ करणाऱ्यांनी तरी समजून घ्यावं. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाप मुलाला एक्स देत नाही, त्यामुळे नानांचा दोष त्यांच्या मुलांकडे जात नाही. तो मुलींमधून गुपचूप जातो आणि त्यांच्या मुलांत निम्म्या शक्यतेने उमटतो. नानांच्या मुलीच्या मुलाला तो आहेच. गंमत अशी की आमच्या या वंशावळीत मुलींच्या पुढची शाखाच नाही, लेक सासरी गेली की चौकट संपते. ठिपके न दिसणारा हा नातू त्या पानावर नाहीच. त्याला आजोळची वंशावळ बघायची होती, म्हणून तो माझ्याशेजारी येऊन बसला, आणि तपासणीसाठी नानांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला. नाना अंदाजाने बरोबर सांगायचे.

तिसरी गोष्ट कुणी तक्रार म्हणून मांडली नव्हती. एक थोरल्या आत्या पान बघत होत्या. एका पणजीच्या गुलाबी चौकटीवर लाल ठिपका होता. आत्यांनी विचारलं, "ही सवाष्ण गेली का?" लाल गोल ठिपका, बाईच्या नावापाशी, वरच्या बाजूला. त्यांनी तो कुंकू म्हणून वाचला. त्यांच्या लेखी त्याहून सरळ अर्थच नव्हता, आणि खुलासा तळाशी कुठेतरी होता. धोक्यासाठी लाल हे रस्त्यावरच्या सिग्नलला ठीक आहे. आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून देवीच्या ओटीपर्यंत लाल मंगलच असतं. ज्या पानावर माणसांची, त्यातून बायकांची नावं आहेत, तिथे लाल टिंबाने "शंका" सुचवणं मला तर अवघड जागेचं दुखणंच वाटलं. आत्यांचा प्रश्न ऐकून तो तरुण आधी हसला आणि मग गप्प झाला, कारण त्या पणजीविषयीची शंका नेमकी तिच्या लग्नासंबंधी होती.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला: रंग बदलले. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी रंगांधळ्या माणसांनाही वेगळे दिसतील अशा रंगांचा एक संच सुचवला आहे, आणि तो आलेखांसाठी जगभर वापरतात. त्यातला निळा आणि शेंदरी घेतला. नानांना आणि नातवाला फरक लगेच दिसला. नाना खूश झाले. मी मात्र त्याची प्रिंट काढली. त्या निळ्याची करडी छटा येते 87 आणि शेंदरीची 119. दोघांमधलं तेजाचं गुणोत्तर 1.34:1. मोठे चौकोन शेजारी-शेजारी ठेवले तर फरक कळतो. दहा पिक्सेलच्या ठिपक्यावर, टोनर संपत आलेल्या यंत्रावर, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काही कळत नाही. "रंगांधळ्यांसाठी सुरक्षित" असं लेबल लावलेला संच घेतला की काम झालं, असं आमच्या धंद्यातही पुष्कळ जण धरून चालतात. तो संच डोळ्यासाठी आहे, यंत्रासाठी नाही.

वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवले आहेत, त्यांत सगळ्यांत प्राथमिक पातळीवर हेच सांगितलंय: कुठलीही माहिती पोचवायला रंग हे एकमेव साधन असू नये. रंग वापरू नका असं त्यात नाही. आपल्याकडच्या खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर हेच घडलं. शाकाहारी पदार्थाला हिरवा ठिपका, मांसाहारीला तपकिरी ठिपका, असं वर्षानुवर्षं चाललं होतं; 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहारीचा ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण आला. वंशावळीच्या मोठ्या साधनांतही ही समज दिसते. फॅमिलीसर्चवर माहितीत गडबड असेल तर लाल रंगाबरोबर उद्गारचिन्ह असतं. अँसेस्ट्रीवर नवा दुवा सापडला की हिरवं पान दिसतं, आणि हिरवेपणा काढून घेतला तरी पान पानच राहतं.

मग आकार बदलू या, असं ठरलं. तरुणाने उत्साहाने ठिपक्याच्या जागी छोट्या वर्तुळात अक्षरं घातली: "पु", "तों", "शं". कल्पना चांगली होती, पण देवनागरी तिथे बसत नाही. रोमन अक्षराला जेवढी उंची पुरते तेवढ्यात आपल्याला शिरोरेषेवर मात्रा, तिच्यावर अनुस्वार आणि खाली उकार हे सगळं मावावं लागतं. "तों"मधला अनुस्वार मात्रेला चिकटून नुसता डाग झाला, "पु"चा उकार वर्तुळाच्या काठात गेला. बारा पिक्सेलमध्ये मात्रा-अनुस्वारासह देवनागरी वाचायला लावणं म्हणजे वाचणाऱ्यावर उपकार नव्हेत.

खरा अडसर मात्र आकाराचाही नव्हता. तो कळला लाल ठिपक्यांची यादी घेऊन नानांसमोर बसल्यावर. एकेक नाव घेत "इथे शंका कसली?" असं विचारत गेलो. एका माणसाचं जन्मसाल दोन ठिकाणी दोन. दुसऱ्याचा बाप कोण यावर वाद. तिसऱ्याबद्दल कुठलाच कागद नाही आणि सांगणाराही हयात नाही. चौथ्याचं सगळं पक्कं, फक्त बायकोचं माहेर चुकीचं वाटतंय. चौघांनाही एकच लाल ठिपका. हिरव्यांचंही तेच. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला म्हणून एक जण हिरवा. दाखल्यात जन्मतारीख होती, पण आजोबा कोण हे दाखल्यात कुठून असणार? तरी त्याच्या वरची सगळी फांदी लोक पक्की धरून चालले होते, कारण ठिपका हिरवा.

वंशावळीची माहिती एका साधनातून दुसऱ्यात नेण्याची जी जेडकॉम नावाची फाइल असते, तिच्यात हा घोळ नाही. तिथे विश्वासार्हता 0 ते 3 अशा अंकांत लिहिता येते. 0 म्हणजे बेभरवशाची किंवा अंदाजाची माहिती आणि 3 म्हणजे थेट, मूळ पुरावा. आणि हा अंक माणसाला चिकटत नाही, आधारासाठी दिलेल्या एकेका संदर्भाला चिकटतो. जन्माला एक अंक, लग्नाला दुसरा. आमच्या संकेतस्थळाने हे सगळे अंक गोळा करून माणसाच्या माथी एक रंग मारला होता. वर लाल रंगाचं भाषांतर त्या फाइलीत 0 असं केलं होतं. दोन चांगल्या कागदांचा एकमेकांशी मेळ बसत नाही ही स्थिती आणि कागदच नाही ही स्थिती, दोन्ही 0. पहिल्या स्थितीत दोन्ही कागदांना 3 मिळायला हवेत. वाद हा त्यांच्या मधला आहे.

इथून पुढचा निर्णय मग सोपा गेला. लोक या पानाकडे येतात ते "हा माणूस होता का" हे विचारायला नव्हे, "हा याचाच मुलगा का" हे विचारायला. म्हणजे खूण चौकटीवर नको, दोन चौकटींना जोडणाऱ्या रेषेवर हवी. कागद असेल तर सलग रेघ. तोंडी असेल तर तुटक रेघ. मेळ नसेल तर रेघ मध्येच तोडून तिथे त्रिकोण आणि त्रिकोणात उद्गारचिन्ह. रेघेशेजारी शब्दही, नावाच्याच आकारात: "कागद", "तोंडी", "मेळ नाही". जवळून बघताना शब्द दिसतात. सगळ्या पिढ्या एकत्र बघायला पान लहान केलं की शब्द जातात पण रेघेचा तुटकपणा राहतो. निळा आणि शेंदरी ठेवले, पण रेघेवर रंग म्हणून. काढून टाकले तरी काही अडत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्यासाठी, म्हणजे टॉकबॅकसारखं वाचक-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी, तोच शब्द नावाबरोबर वाचला जातो: "तुकोजी, वडील राणोजी, मेळ नाही". जुना ठिपका त्या सॉफ्टवेअरला दिसतच नव्हता.

हे घेऊन मीटिंगला गेलो, आणि आत्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं: "हा दत्तक कधी गेला?" भावकीच्या जुन्या छापील वंशावळीत तुटक रेघ दत्तकासाठी वापरलेली होती. ज्यांनी ती वंशावळ हाताळली होती त्या सगळ्यांनी नव्या पानावर अर्ध्या कुळाला दत्तक ठरवलं. जमिनीच्या वाटणीचे वाद ज्या घरांत अजून कोर्टात आहेत तिथे हा अर्थ निघणं परवडणारं नव्हतं. शेवटी दत्तकाला दुहेरी रेघ आणि तिच्यावर "दत्तक" हा पूर्ण शब्द, आणि तुटक रेघेवरचा "तोंडी" हा शब्द पान कितीही लहान केलं तरी पुसायचा नाही, असं ठरलं. दिसायला थोडी गर्दी झाली. मला ती चालते. तरुणाला अजून खटकते.

नंतर वाद पेटला तो शब्दावरून. नाना म्हणाले, "आमच्या आजीने सांगितलेलं तुम्ही तोंडी म्हणून खालच्या पायरीला बसवता?" रंगात हे लपलेलं होतं, पिवळा ठिपका कुणाला टोचत नव्हता. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नोंद तरी काय असते? यात्रेला आलेल्या माणसाने बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं सांगितली आणि ती लिहिली गेली. म्हणजे सांगणं तोंडीच, पण सांगणारा स्वतः त्या घरातला, त्या काळातला, आणि लिहिणाऱ्याला वाटणीत रस नसलेला. छापील वंशावळ त्यापेक्षा बरीच उशिराची, पण ती छापील म्हणून "कागद". माझ्या मते वहीचं वजन जास्त आहे. मंडळातल्या निम्म्या लोकांना तसं वाटत नाही, कारण छापील वंशावळीच्या संपादनात त्यांचे वडील होते. तोडगा म्हणून "तोंडी"वर बोट ठेवलं की कोणी सांगितलं आणि साधारण कधी, एवढं उघडतं. नानांच्या आजीचं नाव आता त्यांच्या बऱ्याच नोंदींपाशी आहे. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

नव्या पानाची काळी-पांढरी प्रिंट काढून भावकीतल्या काही जणांना पेन दिलं आणि "ज्या जोडणीवर भरवसा ठेवू नये तिथे खूण करा" एवढंच सांगितलं. दोन तुकोजींपाशी सगळ्यांनी बरोबर खूण केली, नातवासकट. चुकले ते दुसरीकडे: रेघेशेजारी काहीच नसलेल्या जागा लोकांनी पक्क्या धरल्या, जरी तिथे अजून कोणी तपासलंच नव्हतं. आता तिथे "तपासायचं आहे" असं लिहून येतं. तसं लिहून आल्यावर पान एकदम अपुरं दिसायला लागलं, आणि चिटणीसांनी ते शब्द जरा फिकट करता येतील का असं विचारलं. फिकट करड्याचं पांढऱ्यावर गुणोत्तर किती येतं ते मी त्यांना सांगितलं, आणि मजकुरासाठी 4.5:1 च्या खाली जाता येत नाही हेही.

दुसऱ्या तुकोजीचा प्रश्न अजून तसाच आहे. त्याच्या रेघेवर त्रिकोण आहे, दोन्ही कागदांची छायाचित्रं जोडली आहेत, आणि वहीतल्या त्या ओळीतलं एक मोडी अक्षर दोन जाणकार दोन प्रकारे वाचतात.